थाळनेरचा किल्लेदार

शिरपूर तालुक्यांतील तापीकांठचें थाळनेर फारुकींची पहिली राजधानी म्हणून आमच्या वाचकांस परिचित आहे. ता. 27 फेब्रुवारी 1818 रोजीं तेथील किल्ल्यांत जें घडलें तें इंग्रज सेनापतीनें दगा ठरविलें व किल्लेदारास फांशीं दिलें. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं.

हकीकत अशी. ता. 6 जानेवारीच्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख कंपनीस दिला. पुढें जनरल हिस्लॉप थाळनेरास आला, परंतु किल्लेदार तुळशीराम मामा यानें किल्ला सोडला नाहीं. विरोध केल्यास बंडखोर समजूं, असा निरोप गेला. मग तोफा सुरू झाल्या. त्यानंतर किल्लेदार स्वतः बाहेरच्या दरवाजाशीं येऊन स्वाधीन झाला. येथून पुढें सावकाश वाचलें पाहिजे. मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅक्ग्रेगर वगैरे थोडे लोक आंतील दरवाजाच्या दिंडींतून शिरले. त्यांचें बोलणें शिबंदीस कळेना. धनी शत्रूच्या हातीं पडलेला, तोफा नुकत्याच थांबलेल्या. हत्यार टाकल्यावर जीव राहील याचा भरंवसा त्या लोकांस कसा वाटावा? त्यांनीं हत्यार चालविलें व ते दोघे अधिकारी ठार झाले. तेव्हां इंग्रज सैन्य खवळून आंत घुसलें आणि त्यानें अडीच-तीनशें माणसें कापून काढलीं. त्याच दिवशीं किल्लेदारासहि फांशीं दिलें.

जो मनुष्य दिंडीवरील झटापटीपूर्वींच शत्रूच्या ताब्यांत होता, त्यानें ती करण्याचा हुकूम दिला केव्हां? शिबंदीनें केलें तें भयानें, सैन्यानें केलें तें संतापानें. खवळलेल्या शिपायाचें एक वेळ समजतां येईल. परंतु सेनापतीनें तोच संताप न्याय म्हणून पुढें करावा, हें आमच्या मतें अक्षम्य होय. दहशतीनें पुढील किल्ले लढल्यावांचून मिळतील, हें त्याचें समर्थन. चांदवड, गाळणा मिळालेहि. पण मे-जूनांत मालेगांवीं अरब निकरानें झुंजले आणि वर्षअखेर अमळनेरावरहि फौज न्यावी लागली. शरण जाऊन काय पदरीं पडतें, हें थाळनेरावरून त्यांस उमगलें असावें, असा आमचा तर्क आहे. खुद्द पार्लमेंटनें 1819 सालीं सैन्याचे आभार मानतांना या फांशीपुरतें आपलें मत राखून ठेवलें, ही गोष्ट आमचे शाळापुस्तककार सहसा सांगत नाहींत.

वरील वृत्तांत इंग्रजी लेखांवरून दिला आहे. थाळनेर, शिरपूर, अमळनेर भागांतील देशमुख-देशपांड्यांच्या रुमालांत शके 1739 च्या माघ-फाल्गुनांतील एखादें पत्र कोणा संग्राहकास मिळाल्यास त्याची नक्कल अवश्य पाठवावी. ओळी चारच असल्या तरी चालतील.