बायकांची सभा : मराठी मंडळीतल्या एका दुपारचा इतिहास

व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा एका मित्रानं विचारलं, "बायकांनी एकत्र बसून बायबल वाचलं, यात इतिहास तो काय?" प्रश्न रास्त आहे. आज जे बोलणार आहे ते या प्रश्नाचं उत्तर समजा.

ज्यांना मराठी ख्रिस्ती मंडळीची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी चित्र उभं करतो. आठवड्यातली एक दुपार. सकाळचा स्वयंपाक, धुणीभांडी उरकून दहा-पंधरा बाया कुणाच्या तरी घरी किंवा चर्चच्या मागच्या खोलीत जमतात. सतरंजी अंथरलेली असते. एखादं गीत होतं, एकजण उतारा वाचते, दुसरी त्यावर दोन शब्द बोलते. मग हळूहळू मूळ मुद्दा निघतो. कुणाच्या सुनेचं बाळंतपण अवघड आहे, कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेली आहे, कुणाला तीन रात्री झोप नाही. त्या त्या बाईचं नाव घेऊन प्रार्थना होते. शेवटी चहा. लोक याला 'बायकांची सभा' म्हणतात. अहवालात एका ओळीत उल्लेख येतो: महिलांची सभा नियमित भरली. बस्स.

माझं म्हणणं असं, की या एका ओळीच्या मागे शे-दीडशे वर्षांची धडपड आहे. ती तीन गोष्टींसाठी होती: वाचता यावं म्हणून, बोलता यावं म्हणून, आणि तुटलेल्या माहेराच्या जागी काहीतरी मिळावं म्हणून.

पहिली गोष्ट वाचनाची. आपल्याकडे बायकांना धर्माचं ऐकायची सवय फार जुनी. पुराण सांगायला शास्त्रीबुवा बसत, कीर्तनाला बुवा उभे राहत, बाया एका बाजूला बसून ऐकत. जात्यावर त्यांची स्वतःची ओवी होती, आणि ती काही साधी गोष्ट नव्हे. पण पोथी हातात घेऊन उघडायची, बोट ठेवून वाचायची आणि "याचा अर्थ असा का?" म्हणून विचारायचं, हे बहुतेक बायकांच्या वाट्याला आलेलं नव्हतं. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातल्या हजार बायकांमागे साक्षर निघाल्या जेमतेम सहा-सात. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले १८१३ साली. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार नावाची अविवाहित शिक्षिका मुंबईत उतरली. १८३९ मध्ये ती तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली, आणि १८६२ मध्ये तिथंच वारली. मुलींच्या शाळा हे तिचं जन्माचं काम. जोतिराव फुल्यांनी नगरच्या तिच्या शाळा पाहिल्या होत्या आणि त्यांना त्या आवडल्या होत्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण या शाळांतून वाचायला शिकलेल्या मुली पुढे कुठं गेल्या, हे आपण क्वचित विचारतो. काही शिक्षिका झाल्या. बऱ्याच जणी घरी बसल्या, आणि शेजारणींच्या घोळक्यात 'वाचणारी बाई' ठरल्या. दहा जणींत एक वाचणारी, बाकीच्या ऐकणाऱ्या. सभेची सुरुवात अशी झाली.

दुसरं पात्र म्हणजे बायबलबाई. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनहून इकडं आला. एलेन रॅनयर्ड हिनं १८५७ मध्ये गरीब वस्तीतल्याच बायकांना त्या वस्तीत पुस्तक घेऊन पाठवायला सुरुवात केली होती. इकडं त्या कामाला वेगळाच रंग चढला. पुरुष उपदेशक ओटीच्या आत जाऊ शकत नसे. बायबलबाई थेट चुलीपर्यंत जाई. बहुधा ती पोक्त वयाची, पुष्कळदा विधवा. महिन्याला थोडा पगार, हातात पिशवी, पिशवीत शुभवर्तमान. ती वाचून दाखवी, अक्षरं गिरवून घेई आणि औषधपाणीही सुचवी. मिशनच्या अहवालांत अशा बायांची संख्या येते, नावं फार थोड्यांची. गोऱ्या मॅडमचं पूर्ण नाव आणि देशी बाईच्या नावापुढे फक्त हुद्दा, असा तो हिशेब आहे. इतिहास लिहिणाऱ्यांनी ही उणीव निदान मान्य तरी करायला हवी.

आता माहेराची गोष्ट. धर्मांतराचा इतिहास आपण सहसा पुरुषांच्या बाजूनं सांगतो: त्याला काय पटलं, त्यानं काय सोडलं. बाईचं काय सुटलं? माहेर सुटलं. हळदीकुंकू, डोहाळजेवण, मंगळागौर, संक्रांतीचं वाण, म्हणजे बायकांनी बायकांना भेटायची सगळी ठिकाणं एका दिवसात बंद झाली. १८५० च्या कायद्यानं धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद केली होती. पण कायदा माहेराचं दार उघडून देत नाही हो. आईच्या हातचं जेवण कुठल्या कलमात बसवणार?

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला फेब्रुवारी १८९५ मध्ये. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं हे जोडपं वेगळं राहिलं. लक्ष्मीबाई नातलगांच्या आधारानं दिवस काढत होत्या, काही काळ पंढरपुरात. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, तरी आपला सोवळ्याचा वेगळा स्वयंपाक ठेवून. जातीची गाठ त्यांनी स्वतः विचार करून सोडवली, आणि मग कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा उभ्या महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली. आपण ती विनोदासाठी वाचतो, भाषेसाठी वाचतो. एकदा ती या प्रश्नासाठी वाचून पाहा: माहेर गेल्यावर बाई कुणाशी बोलते? त्या पुस्तकात जागोजागी शेजारणी आहेत, अनाथ पोरी आहेत, दुखणाईत बाया आहेत. नव्या धर्मात लक्ष्मीबाई रमल्या त्या सिद्धांतामुळे कमी आणि अशा माणसांमुळे जास्त, असं मला वाटतं. हे माझं मत. तुमचं वेगळं असू शकेल.

आता पंडिता रमाबाई. त्यांच्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे, म्हणून मी फक्त आपल्या विषयापुरतं बोलतो. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं. त्या आईनं रमाबाईंना शिकवलं. म्हणजे बाईनं बाईला शिकवण्याचं बाळकडू घरातच मिळालं होतं. तरुणपणी कलकत्त्याला त्यांना कुणी संस्कृत बायबल भेट दिलं. त्यांनी ते उघडलं, आणि ही संस्कृतची पंडिता म्हणते की ते काही कळेना! ती भाषा त्यांच्या ओळखीची संस्कृत नव्हती. पुढे सिल्चरला बंगाली लूककृत शुभवर्तमान हाती लागलं, ते मात्र त्या वाचत राहिल्या. १८८२ मध्ये पुण्याला आल्यावर मिस हर्फर्ड यांच्याबरोबर बसून त्यांनी मराठी नवा करार अभ्यासला. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. बाया एकत्र बसून व्याख्यान ऐकू लागल्या. रमाबाई रानडे त्या बैठकींना जात, आणि त्यापायी घरातल्या बायकांचे टोमणे कसे सोसावे लागले ते त्यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. मी हे मुद्दाम सांगतो. बायकांनी एकत्र बसून शिकायचं, याला विरोध सगळीकडे होता. चर्चसुद्धा त्याला अपवाद नव्हतं.

पुरावा देतो. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. चेल्टनहॅमला त्या शिकत आणि शिकवत असताना मुलग्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवलं तर मायदेशी तिची अब्रू जाईल म्हणे. रमाबाईंचा जबाब कडक होता. आपण आपल्या देशात स्त्री-पुरुषांच्या सभांपुढे बोललो आहोत, कोणी वाईट म्हटलं नाही, आणि आपला विचार आपण करू. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला आहे. जरूर पाहा.

याच अनुभवातून त्यांचं शेवटचं मोठं काम आलं. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या. त्यांना अक्षरं शिकवली, आणि बायबल हातात दिलं तर भाषा अडू लागली. मराठी भाषांतरं होती, पण जड, संस्कृत शब्दांनी भरलेली. पंडितेलाच एकेकाळी जे कळलं नव्हतं ते या पोरींना कसं कळणार? रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवायला बसल्या. आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षं त्यात गेली. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी हे सगळं मुक्तीच्या छापखान्यातल्या मुलींनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर पडला. ज्या वाचणार होत्या त्यांच्याच हातांनी तो छापला, हे लक्षात घ्या.

याच केडगावात १९०५ च्या जानेवारीपासून मुलींचे प्रार्थनेचे गट बसू लागले, आणि जूनमध्ये तिथं मोठी जागृती झाली. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर लिहिलेलं छोटं पुस्तक चिलीतल्या त्यांच्या जुन्या मैत्रिणीकडे, मे हूवर यांच्याकडे गेलं. शिकागोला दोघी एकत्र शिकल्या होत्या. वालपरायसोला १९०९ मध्ये जे धार्मिक आंदोलन उभं राहिलं त्याच्या मुळाशी हा धागा सांगितला जातो. दौंडजवळच्या एका गावातल्या मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेत पोचली ती दोन मैत्रिणींच्या ओळखीतून!

आता दुसरी बाजू. ती टाळली तर हे व्याख्यान प्रवचन होईल.

१८८९ मध्ये रमाबाईंनी शारदा सदन काढलं, ते विधवांसाठी, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं वचन देऊन. सदन पुण्याला आलं. रमाबाई स्वतः लेकीबरोबर खोलीत प्रार्थना करत, दार उघडं ठेवून. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही, पण दारही लावणार नाही. टीकाकारांचं म्हणणं, जी मुलगी अन्नवस्त्रासाठी तुमच्यावर अवलंबून आहे तिच्यासाठी उघडं दार खरोखर उघडं असतं का?

मला या प्रश्नाचं सोपं उत्तर येत नाही, आणि तो फक्त १८९३ चा प्रश्न नाही. जिथं बाया आधारासाठी एकत्र येतात तिथं आधार देणारीचं वजन पडतंच. सतरंजी एक असली तरी जात कुठं बसली आहे, शिकलेली कुठं, मोलमजुरी करणारी कुठं, हे पाहावं लागतं. धीर देता देता "सोस गं बाई, प्रार्थना कर" असं सांगून मार खाणारीला परत घरी पाठवलं जातं, हेही घडतं. आणि त्याच सभेतली एखादी पोक्त बाई उठून पाळकाला बरोबर घेऊन त्या नवऱ्याच्या दारात उभी राहते, तेही घडतं. सभेचं मोल यातल्या दुसऱ्या प्रसंगावर ठरतं.

मराठी मंडळीत 'सहभागिता' हा शब्द फार वापरला जातो. त्याचा साधा अर्थ वाटा घेणं. दुःखात वाटा, धान्यात वाटा, आणि या इतिहासात वाचनाचाही वाटा. दहांत एक वाचणारी होती तिनं उरलेल्या नऊ जणींना वाचून दाखवलं. मग त्या नऊ जणींच्या लेकी वाचू लागल्या. त्यातल्या कुणी नर्स झाल्या, कुणी मास्तरीण झाल्या. आज सभेत सगळ्यांच्या हातात पुस्तक असतं, त्यामुळे हे सगळं आपोआप झालं असं वाटतं.

जाता जाता एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजीचं जुनं बायबल किंवा गीतांचं पुस्तक असेल, तर ते रद्दीत देऊ नका. कोऱ्या पानांवर, समासात नावं लिहिलेली असतात, तारखा असतात, कुणाच्या आजारपणाची नोंद असते. अहवालांनी जी नावं गाळली ती तिथं सापडतील. मित्राच्या प्रश्नाला माझं उत्तर तेच आहे: इतिहास आहे, पण तो समासात लिहिलेला आहे. वाचायला थोडं वाकावं लागतं.