सपाट वाघिणीवरचा इतिहास

आगगाडीच्या साऱ्या डब्यांत गरीब डबा कोणता, असे कोणी विचारले तर मी सपाट वाघिणीकडे बोट दाखवीन. तिला छप्पर नाही, भिंती नाहीत, दार नाही. चाकांवर टाकलेली एक लांबलचक फळी, एवढेच तिचे रूप. परंतु मी शाळेत इतिहास शिकवतो, आणि मला ह्या फळीचे मोठे अप्रूप वाटते. बंद वाघिणीत काय भरले आहे ते धन्यालाच ठाऊक. सपाट वाघिणीवर जे लादतात, ते मात्र वाटेवरच्या प्रत्येक गावाला दिसते.

छोट्या आगगाड्या जमविणाऱ्या छांदिष्टांनी हे मर्म केव्हाच ओळखले आहे. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये उघडलेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही दुनिया अपरिचित नसेल. ह्या छंदात एचओ नावाचे प्रमाण फार चालते. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची करतात. ४० फुटांची वाघीण अवघी १४ सेंटिमीटरांची होते. ती रिकामी फिरवून पाहा, दोन फेऱ्यांत डोळे कंटाळतात. तिच्यावर बागेतल्या सुक्या काटक्या ओंडके म्हणून रचा, बाजूंना आगकाड्यांचे खुंट उभे करा, काळ्या दोऱ्याने आवळा. लगेच मुले विचारू लागतात : हे लाकूड कुठल्या रानातले? चालले कुठे? इतिहासाच्या तासाला ह्याहून वेगळे काय विचारायचे असते?

आणि खऱ्या वाघिणींनी कायकाय वाहिले म्हणता! १८७२ मध्ये अमेरिकेत बार्नमची सर्कस आगगाडीने गावोगाव हिंडू लागली. सर्कशीचे अवजड गाडे वाघिणींवर चढवायचे कसे? बार्नमचे भागीदार कूप ह्यांनी युक्ती काढली. गाडीच्या एका टोकाला उतरण लावायची, दोन वाघिणींमधल्या फटीवर पत्रे टाकायचे आणि एकामागून एक गाडे थेट पुढपर्यंत ढकलत न्यायचे. आपल्या कोकण रेल्वेवर १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक कोलाड ते वेर्णे असे सपाट वाघिणींवर बसून गेले, तेही टोकाच्या उतरणीवरून असेच एकामागून एक चढत. घाटाची वळणे चुकली आणि ड्रायव्हर आपल्याच ट्रकमध्ये बसून, चाक हाती न धरता, गोव्याला पोहोचला.

माझे सर्वांत आवडते ओझे मात्र १९३६ सालचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग येथे पालोमारच्या दुर्बिणीसाठी २०० इंच व्यासाची काचेची तबकडी ओतली गेली होती. तिचे वजन सुमारे २० टन. पहिली ओतीव तबकडी बिघडली होती. ही दुसरी, डिसेंबर १९३४ मधली. ती आडवी ठेवावी तर रुळांच्या दोन्ही बाजूंना फार बाहेर येणार, उभी करावी तर पुलांना अडणार. म्हणून मधोमध खोलगट असलेल्या खास वाघिणीत ती पोलादी पेटीत उभी केली. गाडीने ताशी २५ मैलांच्या वर जायचे नाही, असा दंडक होता. मार्चअखेरीस निघालेली ही काच १० एप्रिलला कॅलिफोर्नियात पासाडेना येथे पोहोचली. वाटेत ठिकठिकाणी लोक रुळांकाठी गर्दी करून उभे होते. गाडीत राजा नव्हता, सेनापती नव्हता. होती एक काच, जिच्यातून माणूस दूरचे तारे पाहणार होता! एचओ प्रमाणात ही तबकडी होते ५८ मिलिमीटरांची, म्हणजे आपल्या पणतीएवढी.

परंतु त्याच फळ्यांवरून थोड्याच वर्षांत रणगाडे निघाले. युद्धकाळात अमेरिकेत खेळण्यांना धातू मिळेना, तेव्हा लायोनेल कंपनीने १९४३ मध्ये चक्क पुठ्ठ्याची आगगाडी विकली. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. त्या काळात ह्याच कंपनीच्या वाघिणींवर हेलिकॉप्टरे, अग्निबाण आणि पाणबुड्या दिसू लागल्या. मोठ्यांच्या मनातली भीती रंगीत होऊन मुलांच्या खेळात उतरली होती. वाघीण तीच, फळी तीच. तिने काच नेली, तसेच अग्निबाणही नेले. काय लादायचे ते तिने कधीच ठरविले नाही.

जाणते छांदिष्ट वाघिणीवरचे ओझे डिंकाने कायमचे चिकटवीत नाहीत, ते काढता-घालता येईल असे ठेवतात. कारण खरी वाघीण रानातून लाकूड घेऊन जाते ती बहुधा रिकामीच परतते. तशी ती परतताना दिसली, की रान तुटते आहे कुठे आणि घरे उठताहेत कुठे, हे न सांगता कळते.

दिवाळीत आपली मुले मातीचे किल्ले करतात, त्यांवर मावळे उभे करतात. यंदा एखाद्या घरी किल्ल्याच्या पायथ्याशी छोटे रूळही मांडले जातील. तिथल्या सपाट वाघिणीवर काय ठेवायचे ते मुलांनाच ठरवू द्यावे. तोफ ठेवली तर रागावू नये. ती कोणावर चालली आहे, एवढे मात्र जरूर विचारावे. आणि कोणी एखादी पणती उभी करून, दोऱ्याने नीट बांधून ठेवली, तर त्यांना जवळ बसवून पालोमारच्या काचेची गोष्ट सांगावी.