ओबर्लिनच्या लेकी

अमेरिकेतल्या विद्यापीठांत फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा म्हणून साजरा होतो आणि त्याला लागूनच मार्चमध्ये स्त्रियांच्या इतिहासाचा महिना येतो. या दोहोंच्या सांध्यावर जुनी छायाचित्रे मोठी करून भिंतींवर लावली जातात, व्याख्याने होतात, 'आमची पहिली कृष्णवर्णीय पदवीधर' अशा पाट्या झळकतात. त्यातल्या 'आमची' या शब्दाविषयी मला कुतूहल आहे. हा शब्द वापरण्याचा हक्क ज्या संस्थेला सर्वांत जास्त आहे, त्या ओहायो राज्यातल्या ओबर्लिन महाविद्यालयाचा इतिहास म्हणूनच मला तपासून पाहावासा वाटला.

ओबर्लिनची स्थापना 1833 ची. दोनच वर्षांनी वर्ण न पाहता प्रवेश देण्याचा प्रश्न विश्वस्तांपुढे आला. तो निव्वळ उदात्त विचारातून आला नव्हता. सिनसिनाटीच्या लेन धर्मविद्यालयात विद्यार्थ्यांनी गुलामगिरीवर जाहीर चर्चा केली, संस्थेने तोंड बंद करायला सांगितले, तेव्हा ते विद्यार्थी बाहेर पडले. ते ओबर्लिनला यायला तयार होते, त्यांच्यामागे न्यूयॉर्कच्या टॅपन बंधूंचा पैसाही येणार होता, पण कृष्णवर्णीयांना दार उघडण्याच्या अटीवर. ओबर्लिनच्या तिजोरीत खडखडाट होता. विश्वस्तांची मते समसमान पडली आणि अध्यक्ष जॉन कीप यांनी आपले निर्णायक मत प्रवेशाच्या बाजूने टाकले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

1837 मध्ये मुलींनाही पदवीच्या वर्गांत प्रवेश मिळाला. तरी बहुतेक मुली जात त्या 'स्त्रियांच्या अभ्यासक्रमा'कडे. त्यात ग्रीक नव्हते, वरच्या पायरीचे गणित नव्हते आणि शेवटी पदवीऐवजी प्रमाणपत्र मिळे. लुसी स्टँटन या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने 1850 मध्ये हाच अभ्यासक्रम पुरा केला. 'सभ्य गृहस्थांचा अभ्यासक्रम' म्हणून जो ओळखला जाई, तो पूर्ण करून 1862 मध्ये बी. ए. झाल्या मेरी जेन पॅटरसन. अशी पदवी मिळवणारी अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. उत्सवाच्या भिंतीवर पहिली तसबीर त्यांचीच असते, आणि ती रास्तच आहे.

पण 1862 साली ओबर्लिनमध्ये आणखीही काही घडले होते.

एडमोनिया लुईस यांचे वडील कृष्णवर्णीय आणि आई ओजिब्वे या मूलनिवासी वंशाची. 1859 मध्ये त्या ओबर्लिनला आल्या आणि राहायला होत्या त्या जॉन कीप यांच्याच घरी. जानेवारी 1862 मध्ये त्याच घरात राहणाऱ्या दोन गोऱ्या मुली घसरगाडीच्या सहलीला निघाल्या. निघण्यापूर्वी एडमोनियांनी त्यांना मसाला घातलेली गरम वाइन दिली. वाटेत दोघी आजारी पडल्या आणि विषप्रयोगाचा आळ आला. खटला उभा राहण्याआधीच एका रात्री काहीजणांनी एडमोनियांना पकडून नेले, बेदम मारले आणि गोठवणाऱ्या थंडीत शेतात टाकून दिले. मारणाऱ्यांवर कधीही खटला झाला नाही. एडमोनियांवर मात्र झाला. त्यांचे वकील जॉन मर्सर लँगस्टन हे ओबर्लिनचेच कृष्णवर्णीय पदवीधर. मुलींच्या पोटातल्या द्रव्याची तपासणीच झालेली नाही, मग विष दिले याला पुरावा काय, असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. एडमोनिया सुटल्या. पुढे चित्रकलेचे साहित्य चोरल्याचा आरोप आला, त्यातूनही सुटल्या. तरीही शेवटच्या सत्रासाठी त्यांना नाव नोंदवू दिले गेले नाही.

ज्या गृहस्थाच्या एका मताने दार उघडले, त्याच्याच घरात राहणाऱ्या मुलीची ही गत. कीप यांना दोष द्यावा असा माझा हेतू नाही. प्रवेश ठरावाने देता येतो, शेजारच्या खोलीतल्या मुलीचा विश्वास ठरावाने मिळत नाही, एवढेच यात दिसते. पॅटरसन यांची पदवी आणि एडमोनियांची मारहाण या दोन गोष्टी एकाच वर्षाच्या, एकाच गावातल्या. मला त्या वेगळ्या सांगता येत नाहीत.

ज्यांना सुखरूप पदवी मिळाली त्यांच्यावरचा भारही हलका नव्हता. फॅनी जॅक्सन, पुढच्या फॅनी जॅक्सन कॉपिन, गुलामगिरीत जन्मल्या. मावशीने 125 डॉलर मोजून त्यांना सोडवले होते. ओबर्लिनमधून त्या 1865 मध्ये पदवीधर झाल्या. वर्गात उत्तर द्यायला उभे राहताना साऱ्या वंशाची अब्रू आपल्या खांद्यावर आहे असे वाटे, असे त्यांनी आठवणींत नमूद केले आहे. चुकण्याची मुभा नसलेला विद्यार्थी काय शिकतो? कॉपिनबाई शिकवायला शिकल्या. दिवसा अभ्यास आणि रात्री गुलामगिरीतून सुटून आलेल्यांचा वर्ग. पुढे तीसहून अधिक वर्षे त्या फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

फिलाडेल्फियाचे नाव निघाले की मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवणारच. त्या तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. त्याच महाविद्यालयातून आठ वर्षे आधी, 1878 मध्ये, कॅरोलिन स्टिल या कृष्णवर्णीय डॉक्टर बाहेर पडल्या होत्या आणि त्या ओबर्लिनच्या 1868 च्या पदवीधर. पळून आलेल्या शेकडो गुलामांना वाट दाखवणाऱ्या विल्यम स्टिल यांची ही मुलगी. आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा त्या याच शहरात वैद्यकी करत होत्या. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या मुक्तीनंतरची पिढी आनंदीबाईंच्याच महाविद्यालयात त्यांच्या आधी शिकून गेली होती, हे क्वचितच सांगतो.

ओबर्लिनची 1884 ची तुकडी तर विलक्षण. ॲना ज्युलिया कूपर, मेरी चर्च टेरेल आणि आयडा गिब्ज या तिघी एकाच वर्षी बी. ए. झाल्या. ग्रीक शिकलीस तर नवरा कसा मिळणार, असे टेरेल यांच्या मैत्रिणी त्यांना म्हणत. टेरेल ग्रीक शिकल्या आणि नवराही मिळाला, तोही हार्वर्डचा पदवीधर. कूपर यांचा जन्म गुलामगिरीतला. त्यांनी 1925 मध्ये, वयाच्या 66 व्या वर्षी, पॅरिसच्या सोर्बोनमध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली गुलामगिरीविषयीची फ्रान्सची भूमिका. त्या 105 वर्षे जगल्या.

या स्त्रियांचे खरे काम झाले ते मात्र वॉशिंग्टनच्या एका शाळेत. कृष्णवर्णीय मुलांची ती माध्यमिक शाळा, जी पुढे एम स्ट्रीट आणि नंतर डनबार म्हणून गाजली, तिच्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका पॅटरसन. पुढे त्या खुर्चीवर कूपर आल्या. मुलांना हातकाम शिकवा असा तेव्हाचा जोर होता, त्या लॅटिन शिकवत राहिल्या. 1906 मध्ये शिक्षणमंडळाशी वाद होऊन त्यांचे पद गेले, पण त्या शाळेची मुले हार्वर्डपर्यंत पोचली होती. कार्टर वुडसन याच शाळेत काही वर्षे शिक्षक होते. त्यांनी 1926 मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा जो सप्ताह सुरू केला, त्याचाच पुढे महिना झाला. म्हणजे विद्यापीठे ज्या प्रथेने या स्त्रियांचा गौरव करतात, ती प्रथा घालणारा माणूस त्यांनीच घडवलेल्या शाळेतला होता.

आणि ओबर्लिन? टेरेल यांच्या घरातल्या मुली विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथे शिकायला गेल्या, तेव्हा वसतिगृहातल्या वर्णभेदाबद्दल खुद्द टेरेल यांना महाविद्यालयाच्या अध्यक्षांकडे तक्रार करावी लागली. आपल्या वेळी असे नव्हते, हे त्यांचे दुःख होते. ओबर्लिनच्या मुख्य ग्रंथालयाला टेरेल यांचे नाव मिळाले 2018 मध्ये.

एडमोनिया लुईस बॉस्टनला आणि तिथून रोमला गेल्या, शिल्पकार झाल्या. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्यांनी मरणाऱ्या क्लिओपात्राचे संगमरवरी शिल्प मांडले. ते नंतर अनेक वर्षे बेपत्ता होते, मधल्या काळात शिकागोजवळ क्लिओपात्रा नावाच्या शर्यतीच्या घोडीच्या थडग्यावर उभे होते आणि आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन कलासंग्रहालयात आहे. लुईस 1907 मध्ये लंडनला वारल्या. ओबर्लिनने त्यांना पदवीपत्र दिले 2022 मध्ये.