अर्धायुष्य आणि अंतर : भारतीय अणुवैद्यकाच्या संघटनेचा पूर्वेतिहास

मुंबई–हावडा लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या पूर्व सीमेलगत, दरेकसा हे एक लहानसे स्थानक आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील हे गाव जवळच्या कचारगडच्या गुहांमुळे गोंड समाजाच्या यात्रेकरूंना सुपरिचित आहे; वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याचे नाव शोधू गेल्यास सापडणार नाही. तरीही ज्या शास्त्राचा येथे विचार करावयाचा आहे त्याचे स्वरूप अशा दूरस्थ गावावरून पाहिले असताच नीट कळते. मुंबईतील परळपासून दरेकसा सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहे. क्विनीनच्या गोळीला ह्या अंतराची क्षिती नसते. किरणोत्सर्गी द्रव्याला असते.

ह्याचे कारण अर्धायुष्य. अवटू ग्रंथीच्या विकारांत वापरले जाणारे आयोडीन–131 दर आठ दिवसांनी निम्मे होते; टेक्नेशियम–99एम तर सहा तासांतच अर्ध्यावर येते. अठरा तासांचा प्रवास घडला तर त्याचा एक अष्टमांश तेवढा हाती उरावयाचा. जे औषध साठवून ठेवता येत नाही, ते निर्माण करणारा आणि ते देणारा वैद्य यांना एकमेकांच्या घड्याळावर नजर ठेवूनच काम करावे लागते. ह्या शास्त्रातील मंडळींना संघटनेची गरज लवकर भासली ती ह्यामुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

मूळ कल्पना जुनी आहे. हेवेशी ह्याने 1923 मध्ये किरणोत्सर्गी शिशाचा वनस्पतीच्या देहातील प्रवास मापून दाखविला. 1941 मध्ये सॉल हर्ट्झ ह्याने बोस्टन येथे किरणोत्सर्गी आयोडीनने रुग्णावर उपचार केला. परंतु समस्थानिकांचा नियमित पुरवठा सुरू झाला तो अणुभट्ट्यांमुळे, म्हणजे 1946 नंतर. भारतात तुर्भे येथील ‘अप्सरा’ भट्टी 4 ऑगस्ट 1956 रोजी कार्यान्वित झाली. 1960 मध्ये ‘सायरस’ आली आणि समस्थानिकांचे उत्पादन वाढले. दिल्लीस 1961 मध्ये संरक्षण खात्याने अशाच कार्यासाठी एक संस्था उभारली. मुंबईत 1963 मध्ये परळ येथे, टाटा स्मारक रुग्णालयाच्या जोड इमारतीत, रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. भट्टी तुर्भ्यास आणि रुग्ण परळास, अशी ही योजना होती. डॉ. रमणिक गणात्रा हे ह्या केंद्राच्या उभारणीतील प्रमुख नाव. पुढे त्यांनी व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत अणुवैद्यक विभागाची धुरा वाहिली.

चारच वर्षांनी, 1967 मध्ये, ‘सोसायटी ऑफ न्यूक्लियर मेडिसिन, इंडिया’ ही संस्था अस्तित्वात आली. येथे अमेरिकेशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे 1954 ह्या एकाच वर्षी दोन संस्था जन्मास आल्या : एक अणुवैद्यकाची स्वतंत्र संस्था, दुसरी अणुशास्त्रज्ञ व अभियंते यांची व्यापक संस्था. ह्या दुसरीत जीवशास्त्र व वैद्यक ह्यांना इतर विभागांच्या पंक्तीत एका विभागाचे स्थान मिळाले. भारतात अणुविज्ञानाची व्यापक संस्था, इंडियन न्यूक्लियर सोसायटी, 1988 मध्ये निघाली, म्हणजे वैद्यांच्या संस्थेनंतर तब्बल एकवीस वर्षांनी. हा क्रम आकस्मिक मानता येत नाही. आपल्याकडील भट्ट्यांचे अभियंते व रसायनज्ञ बहुतांशी एकाच सरकारी खात्यात होते. त्यांना एकत्र आणणारे छप्पर तयार होते. वैद्य मात्र निरनिराळ्या रुग्णालयांत विखुरलेले, त्यांचे मालक वेगळे, त्यांची पदवीही ह्या शास्त्राची नव्हे. ज्यांना घर नव्हते त्यांनी ते आधी बांधले, इतकेच.

पदवीचा प्रश्न 1973 मध्ये काही अंशी सुटला. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाची ‘डिप्लोमा इन रेडिएशन मेडिसिन’ ही पदविका परळच्या केंद्रात सुरू झाली. नावातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे : संस्था ‘न्यूक्लियर’, केंद्र व पदविका ‘रेडिएशन’. मराठीत तर गोंधळ अधिकच वाढतो. ‘मेडिसिन’ म्हणजे शास्त्रही आणि औषधही. त्यामुळे वृत्तपत्रांत कोठे कोठे ‘आण्विक औषध’ असा शब्द येतो आणि एका संपूर्ण शास्त्राची गोळी होऊन बसते. ‘अणुवैद्यक’ हा शब्द त्या मानाने निर्दोष. ‘समस्थानिक’ हा तर सुरेखच म्हटला पाहिजे. 1913 मध्ये सॉडी ह्याने रूढ केलेल्या ग्रीक घडणीच्या ‘आयसोटोप’चे दोन्ही घटक, सम आणि स्थान, त्यात जसेच्या तसे उतरले आहेत. मात्र दूरच्या खेड्यातून आलेल्या रुग्णाला ‘किरणोत्सर्गी आयोडीन प्यावयाचे आहे’ असे सांगताना ह्यांपैकी कोणताही शब्द पुरेसा पडत नाही. काही दिवस लहान मुलांपासून दूर राहा, हे त्याला कळते. का, हे सांगावयास वेळ काढावा लागतो.

अंतराच्या अडचणीवर शास्त्राने दोन तोडगे काढले. पहिला जनित्राचा. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती निघाली. मॉलिब्डेनम–99 चे अर्धायुष्य 66 तासांचे. ते प्रवासास पाठवावयाचे आणि त्यापासून सतत निर्माण होणारे टेक्नेशियम रुग्णालयात रोज सकाळी धुऊन काढावयाचे. प्रयोगशाळांतून ह्या उपकरणाला ‘गाय’ म्हणतात, आणि धार काढण्याची उपमा कोणाही शेतकऱ्याला समजेल अशी आहे. दुसरा तोडगा यालो व बर्सन यांच्या रेडिओइम्यूनोअॅसेचा. ह्यात किरणोत्सर्गी द्रव्य रुग्णाच्या शरीरात जातच नाही, परीक्षानळीतच राहते. आयोडीन–125 चे अर्धायुष्य सुमारे साठ दिवसांचे असल्यामुळे त्याचे संच टपालाने जाऊ शकत होते, आणि रुग्णाऐवजी त्याच्या रक्ताचा नमुना प्रवास करू शकत होता. 1989 मध्ये स्थापन झालेल्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाने असे संच देशभर पुरविले. दरेकसा येथील स्त्रीच्या अवटू ग्रंथीची परीक्षा तिने गाव न सोडता होणे हे ह्यामुळे प्रथमच कल्पनेच्या टप्प्यात आले.

पुढील पाऊल मात्र उलट दिशेचे पडले. 2002 मध्ये परळच्या केंद्रात वैद्यकीय सायक्लोट्रॉन व भारतातील पहिले पेट–चित्रणयंत्र आले. त्यात वापरल्या जाणाऱ्या फ्लुओरीन–18 चे अर्धायुष्य 110 मिनिटांचे आहे. दरेकसाहून सुटलेली गाडी नागपुरास पोचेपर्यंत ते निम्म्याहून कमी झालेले असते.