उसनीं चित्रें, उसनें गाणें

चित्र दुसऱ्याचें, गाणें तिसऱ्याचें. मग कर्त्याचें स्वतःचें काय उरलें? जपानी चित्रमालिकांचे, म्हणजे 'ॲनिमे'चे, रसिक त्यांतील दृश्यें कापून आपल्या आवडत्या गाण्यावर जुळवितात. आमच्या घरांतील तरुण मंडळींस या उद्योगाचा नाद आहे व त्यांस आम्हींच हा प्रश्न काहीशा तोऱ्यानें विचारला होता. उत्तरासाठीं आम्हांसच मागें जावें लागलें.

सन १९२८ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें वॉल्ट डिस्ने यांचा 'स्टीमबोट विली' हा बोलका व्यंगपट दाखविला गेला. त्याच्या आंखणींतच चित्रें व मात्रा एकमेकांशीं बांधून घेतल्या होत्या. सेकंदास २४ चौकटी. मिनिटास १२० मात्रांची लय धरली तर मात्रेच्या वांट्यास बरोबर १२ येतात. तरीहि पहिल्या ध्वनिमुद्रणांत वाद्यवृंद चित्राबरोबर राहिना. तेव्हां उडत्या चेंडूची खूण दाखवून चालकास ताल सांभाळावा लागला!

डिस्नेच्या हातीं निदान चित्र व संगीत दोन्ही कच्चीं होतीं. सन १९८२ मध्यें अमेरिकेंतील एका तरुणानें दोन व्हिडिओ-यंत्रें जोडून, तेथें 'स्टार ब्लेझर्स' या नांवानें दाखविलेल्या जपानी मालिकेंतील हिंसक दृश्यें बीटल्सच्या प्रेमगीतावर बसविलीं. या प्रकाराचा आरंभ बहुधा येथूनच मानतात. त्याच्यापुढें दोन्ही पक्कीं भाजलेलीं मडकीं.

त्यांतून ॲनिमेची जात निराळी. ओसामु तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' मालिका १९६३ सालीं सुरू झाली, तेव्हांपासून थोड्या चित्रांत काम भागविण्याची रीत दूरचित्रवाणीवर रुजली. एकच चित्र ३ चौकटी धरून ठेवावयाचें. चेहरा स्थिर, ओठ तेवढे हलते. १३० मात्रांच्या गाण्यांत मात्रा सुमारें ११ चौकटींची होते; तींत हीं चित्रें नेमकीं कशीं बसावीं?

संगणक हाताशीं आल्यावर एकेक चौकट वेंचतां येऊं लागली, आणि सोबत एक खोड आली: मात्रा पडली कीं दृश्य बदल. आम्हांस हें ठोके मोजणें वाटतें. आपल्याकडील श्रोता प्रत्येक मात्रेस दाद देत नाहीं. तो समेची वाट पाहतो. शिवाय गति दृश्याच्या पोटांत असते, सांध्यांत नव्हे. तलवार उपसली जाते, फिरते, आदळते. तें आदळणें समेवर यावयाचें असेल, तर दृश्य समेच्या आधींच, कित्येकदां मात्रेच्या मधेंच, सुरू झालें पाहिजे. पहिल्या दृश्यांतील धांव डावीकडून उजवीकडे असेल, तर पुढील दृश्यांतील पक्षीहि त्याच दिशेस उडाला म्हणजे डोळा अडखळत नाहीं. लांबलेल्या स्वरास तर संथ सरकणारें आकाशच पुरतें.

परवां आमच्या पुतणीनें आपली कृति दाखविली. सबंध अंतराभर एकच दृश्य होतें: एक मुलगी पाठमोरी उभी, वाऱ्यावर केस उडताहेत. समेवर तिनें मान वळविली. ती मान दोन चौकटी उशिरा वळते म्हणून पुतणी अजून रुसलेली आहे. आम्हांस तो उशीर दिसला नाहीं.