ब्रेक नसलेला गाडा आणि त्याला थांबवणारा घाट

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातल्या नागापूरजवळ थापलिंगच्या खंडोबाची टेकडी आहे. पौष पौर्णिमेला इथे यात्रा भरते आणि नवसाचे गाडे पळतात. घाटाच्या पायथ्याशी जुंपणारी पोरं चार बैलांना जेमतेम रोखून धरतात. पुढे घोडीवर स्वार बसलेला असतो. ‘भिर्रर्र’ असा पुकारा होतो, पोरं बाजूला उड्या मारतात आणि गाडा सुटतो. चांगली बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, बारा-तेरा सेकंदांत संपते आणि भंडारा उधळला जातो. या साऱ्या वेळात गाड्यावर माणूस नसतो. कासरा कुणाच्या हातात नसतो. ब्रेकचा तर प्रश्नच नाही. तरीही वर पोचल्यावर गाडा थांबतो.

तो कसा थांबतो, यात जुन्नर-आंबेगावच्या या प्रथेचं मोठं शहाणपण दडलेलं आहे.

ते समजून घ्यायला आधी मोटारीच्या ब्रेककडे पाहू. मोटारींच्या शौकिनांमध्ये एक वाद नेहमी रंगतो. परवडणारी स्पोर्ट्‌स कार घेतली, तर कंपनीने दिलेले ब्रेक पुरतात का, की वेगळे बसवावेत? १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी गाडीने या वादाला एक सरळ उत्तर दिलं. वजन एका टनाच्या आत ठेवलं, तर साधे ब्रेकही चोख काम करतात. रोजच्या रस्त्याला ते पुरतात. शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र फेरीमागून फेरी मारताना ब्रेक तापतात, त्यातलं तेल उकळू लागतं आणि पायाखालचं पेडल मऊ पडतं. म्हणजे ब्रेक पुरेसे आहेत की नाहीत, हे गाडी कुठे आणि किती वेळ पळवायची यावर ठरतं. गाड्याच्या घाटाला हाच हिशेब लावून पाहता येतो.

जुन्नरच्या मुलखाला उताराची धास्ती फार जुनी आहे. सातवाहनांच्या काळात इथला माल नाणेघाटातून कोकणात उतरे आणि कल्याण-सोपाऱ्याकडे जाई. कातळात खोदलेल्या त्या वाटेवर चाकाचं काम नव्हतं. ओझं बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून जाई. पुढे बैलगाडीचे रस्ते झाले, तेव्हा चढापेक्षा उतारच गाडीवानाला जास्त छळू लागला. चढाला बैल ओढतात, दमले की गाडी उभी राहते आणि चाकाला दगडाची उटी लावता येते. उताराला भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते. जू मानेवर चढतं आणि मागचा सगळा भार जनावराला आपल्या अंगाने थोपवावा लागतो. गाडीवानाच्या हातात कासरा आणि वेसण एवढाच काय तो आवर. ओझ्याच्या गाडीचा खरा ब्रेक बैलच होता.

शर्यतीचा गाडा याच्या अगदी उलट घडवलेला असतो. ओझं वाहायचं नसल्याने तो हलका, आटोपशीर असतो आणि त्याच्या पुढे दोन जोड्या, म्हणजे चार बैल. इतकी ताकद आणि इतकं कमी वजन एकत्र आलं की वेग आपोआप येतो. सपाट माळावर असा गाडा गाडीवानाशिवाय सोडणं म्हणजे आपत्तीला आवतण. म्हणून इथल्या गावांनी शर्यतीसाठी चढ निवडला. खाली सुटायचं, वर निशाण आणि त्याच्या पुढे मोकळं रान. या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात, ते याचमुळे.

या निवडीमागचं गणित पक्कं आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने निघालेली वस्तू मागून जोर मिळाला नाही, तर साधारण पाच मीटर उंची गाठेपर्यंत आपली सगळी गती गमावते. घर्षण धरलं तर त्याच्याही आधी. वेग दुप्पट झाला तर हीच उंची चौपट लागते. बैलांनी जोर सोडला की चढ उरलेलं काम करतो. पुणे जिल्ह्याच्या हद्दीवरच्या दुसऱ्या एका घाटाने हीच युक्ती लोखंडी रुळांवर वापरली. १८६३ साली बोर घाटातून रेल्वे सुरू झाली. ब्रेक निकामी होऊन घाट उतरणाऱ्या गाडीसाठी तिथे चढावर जाणारे रूळ टाकलेले आहेत. त्यांना कॅच साइडिंग म्हणतात. सुसाट सुटलेली गाडी त्या रुळांवर वळवायची आणि डोंगरालाच तिला थांबवू द्यायचं. इंजिनिअरांनी आकडेमोड करून जे साधलं, ते इथल्या गावकऱ्यांनी अनुभवातून साधलं.

चढ हा पहिला ब्रेक, तर दुसरा होता वेळेचा. बारी काही सेकंदांची. पळालेली जोडी लगेच सोडायची, अंगाखांद्यावरून हात फिरवायचा आणि सावलीला न्यायची. फायनल असेल तर मधे विसावा मिळायचा. ट्रॅकवर जसे ब्रेक तापतात, तसा इथे बैल तापतो. आखूड घाट आणि मोजक्या बाऱ्या ही त्याची काळजी होती.

या प्रथेचं घर म्हणजे गावची यात्रा. सकाळी देवाला नैवेद्य, दुपारी घाटात गाडे आणि रात्री नारायणगावहून ठरवून आणलेला तमाशाचा फड. जुन्नर-आंबेगावच्या कित्येक गावांचं चैत्र-वैशाखाचं वेळापत्रक असंच ठरतं. ‘फळीफोड’ आणि ‘घाटाचा राजा’ या मानांसाठी मालक वर्षभर खिल्लार बैलांना पोटच्या पोरासारखं सांभाळतात. पण बक्षिसं वाढली आणि जुने आवर सैल झाले. २०२२ साली पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या घाटात तर बक्षिसांत जेसीबी होता. एवढं पणाला लागलं की बैलाकडून शेवटचा जोर काढण्याचा मोह होतो. मग पराणी, चाबूक आणि त्याहून वाईट उपाय घाटात शिरतात.

या मोहाला आवर घालणारे निर्णय त्याआधीच बाहेरून येऊ लागले होते. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. बैलाचं शरीर घोड्यासारखं शर्यतीसाठी घडलेलं नाही, असं न्यायालयाने त्यात नोंदवलं. घाट ओस पडले. २०१७ साली राज्याने शर्यतींना वाट करून देण्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट ही तिन्ही नावं त्यात आली आणि गाडीवानासह किंवा गाडीवानाशिवाय अशा दोन्ही रीती मान्य झाल्या. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची वैद्यकीय तपासणी लागते आणि मारहाणीला बंदी आहे. या अटींकडे अडचण म्हणून पाहणाऱ्यांनी आपल्याच घाटाकडे नीट पाहावं. गाड्याला ब्रेक नाही हे आधीच्या पिढ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी थांबण्याची सोय जमिनीत आणि रिवाजात केली होती. चढ, मोकळं रान, आखूड बारी आणि विसावा, या चारही गोष्टी शाबूत असतील तर गाडा जसा आहे तसा पुरेसा सुरक्षित आहे. यातली एक जरी काढली तरी तो तसा राहत नाही.

यातली सगळ्यात आधी हरवते ती मोकळी जागा. निशाणापलीकडच्या रानात आज गर्दी असते. मोबाइल वर धरून लोक गाड्याच्या थेट वाटेत उभे राहतात. ती जागा चार बैलांना थांबण्यासाठी राखलेली आहे. यंदा थापलिंगला, जुन्नर तालुक्यातल्या वडजला किंवा आपल्या गावच्या घाटात गेलात, तर कठड्याच्या आत जाऊ नका आणि निशाणाच्या पुढचं रान मोकळं ठेवा.