शाळेत राजकारण नको?

तळेगाव दाभाडे म्हटलं की आपल्याला आठवते लोणावळा लोकल, एमआयडीसी आणि 'वीकेंड होम'च्या जाहिराती. पण याच गावातली एक शाळा इंग्रज सरकारने 1910 साली बंद पाडली होती. निकाल कमी लागला म्हणून नव्हे, सरकारला ती धोकादायक वाटली म्हणून!

शाळेचं नाव समर्थ विद्यालय. प्रवर्तक विष्णु गोविंद विजापूरकर, पूर्वी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक. शाळा कोल्हापूरला निघाली, मिरजेला गेली आणि मग तळेगावला आली. 1906च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला होता, तो काळ. 1908मध्ये तळेगावलाच पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभा केलेला. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग!

आता गंमत बघा. मे 1907मध्ये सरकारचं एक परिपत्रक निघालं, रिस्ले सर्क्युलर. (1901च्या जनगणनेत जातींची उतरंड मांडणारे रिस्लेसाहेब ते हेच.) विद्यार्थी आणि शिक्षक राजकारणात पडले तर शाळेचं अनुदान, मान्यता काढून घेऊ, असा त्यात दम होता. पण समर्थ विद्यालय सरकारवर अवलंबूनच नव्हतं. जे दिलंच नाही ते काढून काय घेणार? 1908मध्ये 'विश्ववृत्त' मासिकातल्या एका लेखावरून विजापूरकरांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली, आणि दोन वर्षांनी शाळेलाच टाळं लागलं.

या शाळेला लोकशाहीची शाळा म्हणावं का? मी तरी सरसकट म्हणणार नाही. वेदोक्त प्रकरणात विजापूरकर शाहू महाराजांच्या विरोधी बाजूला होते. राज्यकर्त्याला प्रश्न विचारायचा धडा इथे मिळाला असेल, पण शेजारच्या बाकावर कोणाला बसू द्यायचं हा धडा शाहूंच्या कोल्हापुरात जास्त नीट शिकवला गेला. तिथे 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. लोकशाहीला दोन्ही धडे लागतात.

इंग्रज गेले. रिस्लेचं परिपत्रकही गेलं, पण 'शाळेत राजकारण नको' हे वाक्य मात्र आपण जपून ठेवलंय. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 मार्कांचा एकच पेपर. 2020पासून महाराष्ट्रातल्या शाळांनी परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचायची असा निर्णय झाला. उत्तमच. पण वर्गाचा मॉनिटर बहुतेक ठिकाणी बाईच नेमतात, आणि 'का?' विचारणारा पोरगा आगाऊ ठरतो. हाच पोरगा दोन-तीन वर्षांत मतदार होणार असतो.

मावळातली मुलं तर या प्रश्नापासून लांब राहूच शकत नाहीत. 9 ऑगस्ट 2011 रोजी, क्रांतिदिनी, पवनेचं पाणी बंद पाइपलाइनने पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध शेतकरी एक्सप्रेसवेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन आंदोलक मेले, त्यात एक बाई होती. एक्सप्रेसवेने जाताना मला नेहमी वाटतं, दुसऱ्या दिवशी इथल्या एखाद्या नववीच्या वर्गात कुणीतरी हात वर करून विचारलं असेल, "सर, आंदोलन करायचा हक्क असतो ना आपल्याला?" सरांनी काय केलं असेल? पुस्तक बाजूला ठेवलं असेल, की पुढचं पान उघडायला सांगितलं असेल?